गंजाचं माहेर

देवगडच्या सड्यावर लोखंड फार काळ लोखंड राहत नाही. खिडकीचे गज असोत, विहिरीवरची कप्पी असो, नाहीतर पडवीतल्या झोपाळ्याच्या कड्या असोत, समुद्रावरून येणारा वारा प्रत्येकाची रोज आस्थेनं चौकशी करून जातो. अंगाला लागतो तेव्हा तो गार आणि मायाळू वाटतो, पण त्याच्या ओंजळीत मीठ असतं. रात्रभर तो घराच्या कानाकोपऱ्यातून हात फिरवत हिंडतो, आणि सकाळी बघावं तर नव्या कोऱ्या बिजागरीवर केशरी लव उगवलेली असते, पोराला मिसरूड फुटावं तशी. गावातली माणसं याबद्दल तक्रार करत नाहीत. पाऊस, माकडं, भावकी आणि गंज या चौघांशी भांडून काही उपयोग नसतो, हे इथे रांगत्या मुलालाही ठाऊक असतं. असं असताना थोरल्या काकांना उतारवयात आपल्या पिकअपच्या गंजाशी भांडण उकरून काढावंसं का वाटलं, हे कोडं घरात कुणालाच सुटलं नाही. आगोटीची कामं डोक्यावर होती. लाकडं भरायची होती, कौलं चाळायची होती, आंब्याच्या शेवटच्या पेट्या जायच्या होत्या. आणि मी मे महिन्यात गावी येऊन आयताच हाताशी सापडलो होतो.

ही पिकअप महिंद्राची, एफसी-१५०. आजच्या पोरांना ही गाडी चित्रातही भेटत नाही. तिला बॉनेट नाही. ड्रायव्हर बसतो तो थेट पुढच्या चाकांच्या डोक्यावर, आणि इंजिन त्याच्या मांडीला मांडी लावून एका लोखंडी पेटीत बसलेलं असतं. त्यामुळे वैशाखात गाडी चालवणं म्हणजे तप करणं, आणि श्रावणात चालवणं म्हणजे शेकोटीला बसणं. दोन आसांमधलं अंतर ८१ इंच, अख्खी गाडी जेमतेम सव्वाबारा फूट. समोरून पाहिली तर चपट्या नाकाची, रुंद कपाळाची. वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, अभ्यासात कच्च्या पण ओझं उचलायला सर्वांत पुढे असणाऱ्या मुलासारखा तिचा चेहरा आहे. रिकामी असली की उतारावर ती नाकावर पडेल अशी धास्ती वाटते. हौद्यात आंब्याच्या पेट्या चढल्या की मात्र तिला एकदम पोक्तपणा येतो.

हा चेहरा काढला मिलवॉकीच्या ब्रूक्स स्टीव्हन्स नावाच्या डिझायनरनं. या गृहस्थाची ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी. वस्तू मोडण्याची वाट पाहू नये, गिऱ्हाइकाच्या मनात गरजेच्या थोडं आधीच नव्या वस्तूची ओढ लावून द्यावी, हे तत्त्व त्यानं १९५४ सालापासून भाषणांतून जाहीरपणे मांडलं, आणि ठरवून जुनं करण्याची ही कल्पना त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली. त्याच सुमाराला, १९५६ च्या अखेरीस, त्याची ही चपट्या नाकाची जीप अमेरिकेत बाजारात आली. तिथे ती दहा वर्षंही टिकली नाही; साठीच्या दशकाच्या मध्यावर तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे तत्त्वाप्रमाणे सगळं सुरळीत चाललं होतं. पण तोवर तिचा परवाना महिंद्राकडे आला, गाडी भारतात तयार होऊ लागली आणि फिरत फिरत देवगडात पोचली. इथे तिची गाठ अशा माणसांशी पडली, ज्यांना गरजेच्या आधी नवीन वस्तू घ्यायची असते हेच कुणी सांगितलेलं नव्हतं. आमच्या घरात छत्रीला सुद्धा तीन पिढ्यांची माहिती असते. स्टीव्हन्स आणि थोरले काका एका बाकड्यावर बसले असते तर काय बोलले असते, याची मला फार उत्सुकता आहे. काकांनी बहुधा त्याला कोकम सरबत दिलं असतं आणि गाडीच्या दाराचं रबर कुठे मिळेल ते विचारलं असतं.

भंगारवाला दरवर्षी येतो, मांगराशी थांबतो, गाडीकडे पाहून एक आकडा सांगतो. काका त्याला पाणी विचारतात आणि म्हणतात, “म्हातारी झाली म्हणान काय झाला, मरूक नाय अजून.” भंगारवालाही हसतो. त्याच्याकडे वेळ आहे. गंज त्याच्या बाजूनं काम करतो आहे.

गंज शोधायचा असतो कानानं. डोळ्यांना तो शेवटी दिसतो, तोवर त्याचा संसार आतून थाटून झालेला असतो. रंगावर बारीकसा फोड येतो, पुटकुळीएवढा. आपण म्हणतो, एवढंसं तर आहे. पण लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून तो रंगाला आतून ढकलत असतो; तो फोड म्हणजे आतल्या गर्दीचा बाहेर आलेला कोपरा. काकांनी बोलावलेल्या पत्र्याच्या मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्यानं गाडीवर टकटक करत एक प्रदक्षिणा घातली. चांगला पत्रा ‘टण्’ म्हणतो. आजारी पत्रा ‘भद्’ म्हणतो. आणि काही ठिकाणी तो काहीच म्हणत नाही, दांडाच आत जातो. मडगार्डच्या वरच्या खोबणीत, जिथे चाकानं उडवलेला चिखल वर्षानुवर्षं ओला राहिला होता. हौद्याच्या फळ्यांखाली, जिथे पेट्यांमधलं भाताचं गवत झडून कुजलं होतं. आणि दोन्ही दारांच्या तळाला. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराशी मिस्त्री उकिडवे बसले, स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेलेला पाहून म्हणाले, “हयसर पत्रो नाय, नुसतो रंग उभो आसा.”

मला हे वाक्य फार आवडलं. काही घराणी, काही संस्था आणि बरीचशी मोठी माणसं मला त्या क्षणी आठवून गेली.

दाराच्या तळाला काही भोकं गाडी बनवणाऱ्यानंच ठेवलेली असतात. काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतं, आणि खालच्या या बारक्या भोकांतून बाहेर पडतं. या गाडीची भोकं आंब्याच्या मोहरानं, लाल धुळीनं आणि एका कुंभारमाशीच्या घरट्यानं बुजलेली होती. कुंभारमाशीनं घर सुरेख बांधलं होतं, तुळतुळीत, गोल. एवढंच की तिच्या घरासाठी आमचं दार आतून पाण्यात उभं राहिलं.

खरवडायला बसलं की हात गुंतलेले असतात आणि मन मोकळं सुटतं. वायर ब्रशखाली गंजाची पूड पडत होती आणि खळ्याच्या मातीत मिसळत होती. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की पूड कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. दोन्हींचा रंग एकच. एकच असणार, जांभ्या दगडाला आणि त्याच्यापासून झालेल्या आपल्या लाल मातीला तो रंग लोखंडाच्याच गंजानं दिलेला आहे. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वेंगुर्ल्याच्या खाली रेडीला, लोखंडाच्या खनिजाच्या खाणी आहेत. तिथे जमिनीतून निघतं ते असंच तांबडं, प्राणवायूशी संसार थाटून लाखो वर्षं निवांत पडलेलं. माणूस त्याला भट्टीत घालतो, कोळशाच्या धगीनं त्याचा प्राणवायू काढून घेतो, ओढून ताणून त्याचा एक मिलिमीटर जाडीचा पत्रा करतो, त्याला चपटं नाक देतो आणि सांगतो, आता तू गाडी. लोखंड ऐकतं. पण ते सुखी नसतं. पाण्याचा एक थेंब आणि हवेची एक झुळूक मिळाली की ते परतीची वाट धरतं, आणि वाटेत मीठ भेटलं तर पावलं भराभर पडतात, कारण खारट पाण्यातून विजेचा सूक्ष्म व्यवहार फार सुलभ होतो. ॲल्युमिनियमही हवेत गंजतं, पण त्याचा गंज पातळ, घट्ट आणि समजूतदार असतो. तो अंगाला चिकटून बसतो आणि आतल्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज पोपडे टाकत जातो, आणि प्रत्येक पोपड्यामागे नवा पत्रा उघडा पडतो. आम्ही त्याला रोग म्हणत होतो. ते बिचारं सासुरवाशिणीसारखं माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसलं होतं, आणि या गाडीचं माहेर तर चाकाखालीच होतं.

अशा वेळी कुणीतरी दिल्लीच्या लोहस्तंभाची आठवण काढतोच. आमच्याकडे ती पोस्टमननं काढली. सोळाशे वर्षं झाली, सात मीटर उंच, सहा टनांहून जड, आणि बघा, गंज नाही! ते खरंच आहे, आणि त्याचं कारणही शोधलं गेलं आहे. कानपूरच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी त्या स्तंभाचा पिच्छा पुरवला, आणि दाखवून दिलं की जुन्या कारागिरांच्या लोखंडात फॉस्फरस भरपूर राहिला होता. त्यामुळे स्तंभाच्या अंगावर एक पातळ संरक्षक थर धरला आणि तोच त्याला राखतो आहे. दिल्लीच्या कोरड्या हवेचाही त्यात वाटा आहे. मला मात्र एवढंच वाटतं की गुप्त राजांचं कर्तृत्व पुरेपूर मान्य केलं, तरी त्यांनी तो स्तंभ आमच्या सड्यावर आणून उभा केला नाही यात त्यांचं शहाणपण जास्त दिसतं. काका पोस्टमनला म्हणाले, “तेका आंबे वाहूक लागले नाय.” विषय तिथेच संपला.

मिस्त्रींचं सामान दुसऱ्या दिवशी आलं, आणि त्याच्याबरोबर घरावर एक नाजूक संकट आलं. गॅस वेल्डिंगसाठी त्यांच्याकडे जुन्या पद्धतीची टाकी होती: कार्बाइडचे खडे घालायचे, पाणी सोडायचं, ॲसिटिलीन वायू तयार होतो, लसणासारखा वास सुटतो आणि नळीच्या टोकाला निळी ज्योत धरते. साधन उत्तम. पण हेच कार्बाइड, हाच वायू, काही लोक कच्चा आंबा दडपून पिकवायला वापरतात. त्याला कायद्यानं बंदी आहे, आणि हापूसवाल्याच्या घरात त्याचं नाव काढणंही अब्रुनुकसानीत मोडतं. थोरल्या काकांचे आंबे आजवर गवताच्या अढीतच पिकले. आणि आता त्यांच्याच खळ्यात, भर हंगामाच्या शेपटीला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर कार्बाइडचा डबा! काकांनी आधी डब्यावर गोणपाट टाकलं. मग गोणपाट जास्तच संशयास्पद दिसतं असं वाटून ते काढलं. मग डब्याशेजारी वेल्डिंगचा चष्मा असा मांडून ठेवला की दुरूनही खुलासा व्हावा. एक मुंबईचा दलाल नेमका त्या दुपारी आला, तर काकांनी त्याला नमस्काराआधी, “पत्र्याचा काम चालू आसा हां, पत्र्याचा,” असं सांगून टाकलं. त्या निळ्या ज्योतीकडे पाहताना मला मौज वाटत होती. एकच वायू, आंब्याला हात लावला तर गुन्हेगार, पत्र्याला हात लावला तर वैद्य.

कुजका पत्रा कापताना हात आखडता घ्यायचा नसतो, ही मिस्त्रींची पहिली शिकवण. चांगलं लोखंड लागेपर्यंत मागे जायचं. दाराच्या तळापासून सुरुवात करून ते असे मागे मागे जात राहिले की काही वेळ मला वाटलं आता फक्त हँडल उरणार. मग त्यांनी भिंतीवरची जुनी दिनदर्शिका मागितली. तिचं पान भोकावर धरलं, अंगठ्यानं कडा दाबत आकार उठवला आणि कात्रीनं कापला. काकींनी त्या पानावर दुधाच्या हिशेबाच्या खुणा केल्या होत्या, एका चौकोनात कुणाच्या तरी बारशाची नोंद होती. ते सगळं बारसं दाराच्या तळाच्या मापाचं झालं. त्या कागदावरून अठरा गेजचा पत्रा कापला. मांगराच्या छपरावरचा उरलेला पत्रा फुकट होता, काकांना तो वापरायचा होता. पण त्यावर जस्ताचा मुलामा, आणि जस्त तापवलं की त्याच्या धुरानं माणसाला थंडी वाजून ताप भरतो. मिस्त्रींनी तो हातानंच बाजूला केला. ठिगळ जागी बसवलं आणि टाके घातले, एक इथे, एक पार दुसऱ्या टोकाला, मग मधे. सलग डाग देत गेलं तर पातळ पत्रा उष्णतेनं पापडासारखा वाकतो. प्रत्येक टाक्यानंतर ते थांबत, ओलं फडकं टेकवत, गुळाचा खडा तोंडात टाकत आणि समुद्राकडे बघत. इतक्या निवांतपणे कुणाला घाई करताना मी पाहिलं नव्हतं. कारण आकाशात दक्षिणेकडून ढग यायला लागले होते, आणि पाऊस पडायच्या आत रंग सुकायला हवा होता.

लांबी मात्र त्यांनी जपून वापरली. हल्ली भोकात लांबी भरतात, वर घासून गुळगुळीत करतात आणि गिऱ्हाइकाला पुढच्या पावसापर्यंत सुखात ठेवतात, असं ते म्हणाले. लांबीचं काम पावडरीचं, हाडाचं काम तिला सांगू नये. आधी खाली डॉली, वर हातोडी, दोन्ही हातांनी एकमेकांना न बघता ऐकत ऐकत पत्रा सपाट करायचा आणि मग नखाएवढ्या जाडीची लांबी ओढायची. सपाटी ते डोळ्यांनी तपासतच नव्हते. डोळे मिटून तळवा फिरवत होते. पत्र्यावरून जाणारा तो खरबरीत तळवा अचानक एका जागी थबके, थोडा मागे येई, पुन्हा जाई, आणि मग तिथे हातोडीचा इतका हलका ठोका पडे की झोपलेलं मूल जागं होऊ नये.

रंग खरवडण्याचं काम माझ्याकडे. पाण्यात भिजवलेला पॉलिशपेपर गोल गोल फिरवत गेलं की थर उलगडत जातात. वरचा करडा, तो काकांनी बँकेच्या कर्जातून सुटल्यावर दिलेला. त्याखाली निळा, आतेबहिणीच्या लग्नाचा. वऱ्हाड याच हौद्यातून गेलं होतं आणि नव्या साड्यांना ओल्या रंगाचे पट्टे लागले होते, ती गोष्ट अजून सांगितली जाते. त्याखाली हिरवा. आणि ड्रायव्हरच्या दारावर, ठिगळाच्या वर वीतभर अंतरावर, हिरव्यातून एक पिवळी रेघ वर येऊ लागली. मी हात हलका केला. रेघेचं वर्तुळ झालं. वर्तुळात एक देठ आला, आणि देठाला दोन आंबे.

तो आमचा जुना मार्का होता, पेट्यांवर उठवायचा. थोरले आणि धाकटे काका एकत्र होते तेव्हाचा. पुढे वाटणी झाली. कोकणातली वाटणी ही काटेकोर कला आहे. आमच्याकडे परसातल्या फणसाच्या पूर्वेकडच्या फांद्या एकाच्या आणि पश्चिमेकडच्या दुसऱ्याच्या, असं कागदावर लिहिलेलं आहे, आणि फणस बिचारा दोन्हीकडे सारखाच लागतो. कलमं वाटली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या. मार्काही वाटला: दोघांच्या पेट्यांवर त्यानंतर एकेकच आंबा छापला जाऊ लागला. पिकअप थोरल्यांकडे राहिली, धाकट्यांनी टेम्पो घेतला. भांडण असं कधी झालं नाही. बोलणं होतं, पण ते पाऊस, पंप आणि फवारणी एवढ्यावरच फिरायचं. बांधाच्या दोन्ही बाजूंना उभं राहून, मधे एक पायरी ठेवून.

धाकटे काका त्या संध्याकाळी पायरी उतरून खळ्यात आले. निमित्त पंपाच्या वॉशरचं होतं. त्यांनी दार पाहिलं, वाकून पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. थोरले काका मडगार्डमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी शोधत होते.

“देठ जरा लांबच काढल्यान,” धाकटे काका म्हणाले.

“पेंटर घाटावरचो होतो,” थोरले मडगार्डमधूनच म्हणाले. “तेका देठ खंय म्हायत?”

एवढंच संभाषण झालं. वॉशर मिळाला नाही तरी धाकटे काका बराच वेळ थांबले, आणि जाताना मिस्त्रींना सांगून गेले की गाडीला लागेल तो नटबोल्ट माझ्याकडे आहे, विकत आणू नका.

आता गंज मारण्याचा टप्पा. कणकवलीहून आणलेली बाटली होती; त्यात फॉस्फरिक ॲसिड, म्हणजे दिल्लीच्या स्तंभाच्या अंगचा गुण बाटलीत भरलेला. कानाकोपऱ्यांत, जिथे ब्रश पोचत नाही तिथला गंज त्यानं काळा होऊन थंड पडतो. बाटली हौद्याच्या खाली जाता जाताच संपली. तेव्हा काकी घरातून बाळगुटीचा बटवा घेऊन आल्या. या घरात गुटी उगाळायची वेळ येऊन वर्षं लोटली, पण बटवा अजून फडताळात आहे, सहाण आहे, आणि बटव्यात वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हिरडे आहेत. त्यांनी हिरडे ठेचून पाण्यात उकळले. “विळयेर आवळो चिरलो की पातां काळां पडता, बघलंय नाय?” एवढं त्यांचं रसायनशास्त्र, आणि ते बरोबर होतं. आवळ्यात काय, हिरड्यात काय, जे तुरट असतं ते लोखंडाशी मिळून निळसर काळं, न विरघळणारं संयुग करतं. कापड काळं रंगवायला माणसानं हीच जोडी वापरली, शाई करायलाही हीच. मी तो कोमट काढा कुंचल्यानं तांबड्या पत्र्यावर लावला. आधी काहीच झालं नाही. मग कडेनं जांभळट छटा आली, ती आत पसरली, आणि बघता बघता सगळा गंज लिहायच्या शाईचा झाला. कधीकाळी आम्हा सगळ्या भावंडांच्या पोटात गेलेलं औषध आता गाडीच्या पोटात चाललं होतं. काकी म्हणाल्या, “सोताच्या गुडघ्याक तेल लावूचा ऱ्हवला, नि गाडयेक मलम लावतत.” म्हणाल्या, आणि दुसरं पातेलं आणायला आत गेल्या.

शेवटी मिस्त्रींनी रेड ऑक्साइडचा डबा उघडला. पत्रा कोरडा करून, टर्पेंटाइननं पुसून, त्यावर हा तांबडा प्रायमर मारायचा. पहिला हात फिरला आणि काकी वृंदावनापाशी थबकल्या. एकदा त्यांनी तुळशीच्या कठड्याकडे पाहिलं, जो त्या दर सणाला गेरूनं रंगवतात, आणि एकदा गाडीकडे.

“मगे ह्योच रंग लावूचो होतो,” त्या म्हणाल्या, “तर इतके दीस खरवडलात कित्याक?”

याला उत्तर आहे, पण ते द्यायला कुणाला धीर झाला नाही. गेरूचा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. रेड ऑक्साइड म्हणजेही तेच. म्हणजे गंज खरवडून काढायचा, ॲसिडनं मारायचा, हिरड्यानं काळा करायचा, आणि मग पत्र्याचं संरक्षण व्हावं म्हणून त्यावर डब्यातून विकत आणलेला तांबडा ऑक्साइड एकसारखा पसरायचा. फरक एवढाच की डब्यातलं लोखंड आधीच घरी पोचलेलं आहे. त्याला आणखी कुठे जायचं नाही, म्हणून ते रंगाच्या तेलात शांत बसून राहतं आणि पाण्याला दार उघडत नाही. उरलेल्या प्रायमरमधून काकींनी वाटीभर मागून घेतला आणि वृंदावनाचा मागचा कोपरा रंगवून टाकला. रंगात तसूभरही फरक दिसत नाही.

गाडीला विंटेज म्हणून नोंदवावं, असा सल्ला एका चुलतभावानं पुण्याहून फोनवर दिला. २०२१ पासून तशी सोय आहे: पन्नास वर्षांहून जुनी गाडी असावी, मूळ रूपात असावी, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत; तिला निराळा नंबर मिळतो. पण मग ती रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही, धंद्यासाठी तर नाहीच. काकांनी नियम पुन्हा वाचायला लावला. दाराचा तळ दिनदर्शिकेच्या मापाचा, हौद्याची एक बाजू डांबराच्या पिंपाची, फाळका गावच्या लोहारानं केलेला. यातलं मूळ रूप कुठलं हे साहेबांना कोण सांगणार, हा एक प्रश्न. त्याहून मोठा प्रश्न काकांनी विचारला, तो असा की गाडी मूळ रूपात ठेवायची आणि आंबे न्यायचे नाहीत, तर मग तिचं मूळ रूप राहिलं कुठे? मला वाटतं हे म्हणणं परिवहन खात्यापर्यंत पोचायला हवं.

पाऊस यायच्या आदल्या आठवड्यात गाडीला हिरवा रंग लागला, कारण थरांमध्ये सर्वांत जुना तोच सापडला होता. दारावरचा मार्का मिस्त्रींनी तसाच ठेवला, भोवतीनं रंग फिरवला आणि वरून पारदर्शक लॅकरचा हात दिला. लांब देठासकट. तो ठेवा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, झाका असंही कुणी म्हणालं नाही. हंगामाच्या शेवटच्या फेरीत हौद्यात दोन प्रकारच्या पेट्या होत्या. धाकट्या काकांच्या टेम्पोचा क्लच ऐनवेळी गेला, असं ते म्हणाले. टेम्पो तासाभरानं बाजारातून येताना मी पाहिला.

गंज परत येणार आहे, याबद्दल काकांच्या मनात शंका नाही. टाक्यांच्या मागच्या बाजूनं, शिवणीतून, कुठून तरी तो दिवाळीपर्यंत डोकं वर काढेल. मिस्त्रींनी जाताना एक काम तेवढं सांगितलं आणि ते मी इथे पुढे देतो, कारण तुमची गाडी नवी असली, शहरात असली, तरी तिच्या दारांच्या तळाला ती बारकी भोकं असतातच. पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा खाली वाकून बघा. झाडूची एक हीर पुरते. आत कुंभारमाशीचं घर असेल तर ते रिकामं आहे ना, एवढं आधी पाहून घ्या.